कात्रीतून सुटलेली

पाखरखडपावर एक मुलगी जन्माला आली आहे, ही बातमी मला एका लेंडीने दिली.

लेंडी उंदराची होती. ती मी चिमट्याने उचलून वाचकात टाकली. वाचक म्हणजे शिवणयंत्राच्या पेटीएवढा एक डबा. लेंडीतून प्राण्याच्या आतड्याच्या पेशी बाहेर येतात, त्याने खाल्लेल्या अन्नाचे अंशही येतात. डबा त्यातला डीएनए वाचतो आणि वीस मिनिटांत सांगतो की लेंडी नराची की मादीची, आणि पोटात काय काय गेलं होतं. अकरा महिने तो एकच शब्द सांगत होता: नर. श्रावण संपता संपता एका सकाळी पडद्यावर आलं: मादी. मी डबा पुसला, उरलेल्या अर्ध्या लेंडीवर पुन्हा तपासणी लावली आणि वीस मिनिटं त्याच्यासमोर नखं खात बसले. पुन्हा मादी.

पाखरखडप म्हणजे किनाऱ्यापासून बावीस मैल आत, समुद्रातून वर आलेला काळा खडक. त्याच्यावर जुना दगडी दीपस्तंभ आहे, खडकात खोदलेलं गोड्या पाण्याचं टाकं आहे आणि टाक्याच्या भिंतीवर कुणा जुन्या दर्यावर्द्याने कोरलेलं तीन शिडांचं गलबत आहे. बाकी सगळं बेट सुरयांचं. सुरय हा काळ्या टोपीचा, दुभंगल्या शेपटीचा समुद्रपक्षी. तो घरटं बांधायच्या भानगडीत पडत नाही. खडकाच्या सांदीत एकच अंडं घालतो आणि देवावर हवाला ठेवतो. शंभरेक वर्षांपूर्वी दीपस्तंभाच्या सामानाबरोबर उंदीर उतरले आणि मग देवालाही ते काम झेपेना. हजारो सुरयांचे शेकडे झाले आणि शेकड्यांचं शून्य.

म्हणून बेट माणसांना बंद झालं आणि आमचा प्रयोग सुरू झाला. राहायची परवानगी तिघांनाच होती. मी, म्हणजे ऋतुजा शेडगे, वय अडतीस, प्रयोगाची प्रमुख. होडी आणि सौर पेट्या सांभाळणारे रमाकांत कुबल, ज्यांना मी दादा म्हणते. आणि त्यांची बायको प्रमिलाकाकी, जिचं सरकारी पद 'मदतनीस' असं होतं आणि जिच्या परवानगीशिवाय बेटावर चहासुद्धा होत नसे.

प्रयोग सांगायला सोपा आहे. उंदरांतही आपल्यासारखंच असतं. आईकडून नेहमी एक्स गुणसूत्र येतं. बापाकडून एक्स आलं तर मुलगी, वाय आलं तर मुलगा. आम्ही काही नरांच्या वायवर एक जनुकी कात्री बसवली. नराच्या शरीरात शुक्रजंतू तयार होत असताना ही कात्री एक्सचे तुकडे तुकडे करते, त्यामुळे उरतात ते फक्त वायवाले, म्हणजे सगळे मुलगेच. ते मुलगे बापाची कात्री घेऊनच जन्मतात, म्हणून त्यांनाही मुलगेच होतात. पिढीमागून पिढी मुली कमी होत जातात आणि एक दिवस बेटावर नुसते म्हातारे होत चाललेले नर उरतात. मी गावोगावच्या सभांत छाती पुढे काढून सांगायचे, "विष नाही, रक्त नाही. आम्ही कोणालाही मारत नाही. फक्त मुली जन्माला येत नाहीत." टाळ्या पडायच्या. हे वाक्य बोलताना माझी जीभ एकदाही अडखळली नाही, याचं मला आता नवल वाटतं.

आणि प्रयोग यशस्वी होत होता. त्या वर्षी, कित्येक दशकांनी, सुरयांच्या त्रेचाळीस जोड्या पाखरखडपावर उतरल्या होत्या. सांदीसांदीत राखाडी कापसाचे गोळे बसले होते. त्यांना उडता यायला अजून महिना होता.

कात्री हजारात एखाद्या शुक्रजंतूवर चुकते, हे आम्हाला माहीत होतं. ही मादी त्या चुकीतून जन्मली होती; तिची आई, जुन्या माद्यांतली शेवटची, आमच्या तपासणीतून सुटून कुठल्यातरी कपारीत तिला जन्म देऊन मेली असणार. गंमत म्हणजे कात्री वायवर असते आणि मादीकडे वाय नसतोच, त्यामुळे ती स्वतः अगदी स्वच्छ, साधी, देवाने केली तशी उंदरीण होती. पण तिला दर दीड-दोन महिन्यांनी सात-आठ पिल्लं होणार. ती सगळी नर असली तरी खायला अंडी आणि पिल्लंच शोधणार, आणि कधी ना कधी पुन्हा एखादी मुलगी सुटणार. त्रेचाळीस जोड्यांना तेवढं पुरे होतं.

पुण्याहून माझे वरिष्ठ, सर्वटे सर, यांचा फोन आला. सर शांत माणूस. ओरडतात तेव्हाही आवाज चढत नाही.

"ऋतुजा, चतुर्थीपासून सहा दिवस देतो. मादी हातात आली नाही तर सातव्या दिवशी ड्रोनने विषाच्या गोळ्या टाकायच्या. वरून मंजुरी आली आहे."

"सर, ड्रोन आला की सुरय उठतील. पिल्लं उन्हात उघडी पडतील, घारी टिपून नेतील. मागच्या वर्षी दुसऱ्या बेटावर एका चुकार ड्रोनने काय झालं ते तुम्ही पाहिलंय."

"पाहिलंय. यंदाची पिल्लं जातील, पण बेट राहील. मादी राहिली तर दोन्ही जाईल."

त्यांचं चूक नव्हतं, हाच तर त्रास होता. मी साठ जागी पिंजरे लावले. शेंगदाण्याचं लोणी, सुकट, गूळ, जे जे उंदराला आवडतं ते सगळं ठेवलं. मादीने एकाही पिंजऱ्याकडे ढुंकून पाहिलं नाही. तिच्या लेंड्या मात्र टाक्याच्या आसपास रोज ताज्या मिळत होत्या. त्यांत तांदूळ दिसायचा, पण तो आमच्या खरकट्यातला समजून मी सोडून द्यायचे.

चतुर्थी आली. समुद्र खवळलेला होता, होडी निघणं शक्य नव्हतं. लग्न झाल्यापासून काकीचा गणपती पहिल्यांदाच चुकला होता. तिने स्वयंपाकघराच्या फळीवर पाटावर सुपारी मांडली, तिलाच गणपती मानून लाल फूल वाहिलं आणि दिवसभर कोणाशी धड बोलली नाही. दुसऱ्या दिवशी मात्र तिने फ्रीजमधली कोंबडी काढली, वडे तळले आणि सुपारीसमोर ओढणीचा पडदा धरायला मला उभं केलं.

"हे काय, काकी? गणपतीत कोंबडी?"

"उंदरबी आसा आज. गणपतीक दिसाक नको म्हणान पडदो. तो खाणा नाय, पण तेचो उंदीर खाता. वर्सभर ओझा व्हायता गरीब, तेचो एक दिस."

त्यांच्याकडच्या काही घरांत ही पद्धत आहे, गणपतीच्या वाहनाला तिखटाचा नैवेद्य दाखवायची. मला ती फार आवडली. मी पडदा धरला, वडे खाल्ले आणि पिंजरे तपासायला गेले. उंदराचं ताट खरंच कुठे जातं, हा विचार करायचा पगार मलाच मिळत होता, पण तो माझ्या डोक्यात आला नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी वाचकाने लेंडी वाचली आणि पडद्यावर यादी उमटली. तांदूळ, उडीद, मेथी, धणे, नारळ, कांदा, कोंबडी.

मी डबाच उचलला आणि स्वयंपाकघरात नेऊन काकीसमोर ठेवला.

"नैवेद्याचं ताट कुठे ठेवलंत काल?"

"टाक्याच्या मागे. कित्या?" काकीने डोळे बारीक करून यादी वाचली. "बडीशेप खय आसा? मी घातलंलंय."

दारात बसून जाळं विणणारे दादा इतके हसले की त्यांना ठसका लागला. "घे! वड्यांची पाककृती इली यंत्रातसून. माका वाटला ही कावळ्याक घालता."

मला हसू येत नव्हतं. "काकी, किती दिवस घालताय तिला?"

"श्रावणापासून. पयलो भात घातलंय. ती येता, बसता, खाता. हावरटपणा नाय हां अजिबात."

"ती? मादी आहे हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"बाय, पाच सुना-लेकींची बाळंतपणां केलंय मी. मादी वळखाक माका डबो लागणा नाय."

मग मात्र माझा तोल गेला. साठ पिंजरे, रोज चार मैलांची पायपीट, सरांचे फोन, आणि इकडे हिने तिला जावयासारखं जेवू घातलेलं. मी सगळं भडाभडा सांगितलं. कात्री म्हणजे काय, ही मादी राहिली तर काय होईल, चार दिवसांनी ड्रोन येईल आणि त्रेचाळीस पिल्लांचं काय होईल. काकीने पाच वर्षं माझ्यासाठी भाकऱ्या थापल्या होत्या, पण हा प्रयोग नेमका काय आहे हे मी तिला कधी बसून सांगितलंच नव्हतं. ती हातातली पळी खाली ठेवून ऐकत राहिली.

"म्हंजे ह्या वर्सभरात हय एकव चेडू जन्माक येवक नाय, ता तुमी केलंलास?" तिच्या बोलीत चेडू म्हणजे मुलगी.

"हो."

"आनी ही चुकान इली."

"हो, काकी."

"आनी आता तिका मारूचा."

"उंदीर आहे तो. माणूस नव्हे."

"ता माका कळता. सुरयांची पिल्लां माका पण व्हयी आसत. रोज मोजतंय मी ती, तुझ्या आदी." ती जवळ आली आणि माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं. "पण 'चेडू' म्हटलंय तसा तुझा तोंड असा कित्या झाला?"

मला कोणाला सांगायची सवय नाही. पण हनुवटी तिच्या हातात होती.

माझं पहिलं नाव नकुसा. साताऱ्याच्या डोंगराकडच्या आमच्या गावात तिसरी-चौथी मुलगी झाली की हे नाव ठेवायचे. देवाला कळावं, आता पुरे. मी चौथी. पहिलीत असताना अशा मुलींची नावं बदलायचा कार्यक्रम झाला. बाईंनी विचारलं, तुला कुठलं हवं? बाईंच्या मुलीकडे एका टोकाला लाल आणि एका टोकाला निळी अशी पेन्सिल होती, आणि तिचं नाव ऋतुजा होतं. मी तेच मागितलं. नाव बदललं. पण ज्या आईने मला सहा वर्षं 'नकुसा, जेवायला ये' अशी हाक मारली, तिच्याशी माझं आतून काहीतरी तुटलं ते तुटलंच. मी तिला कधी काही विचारलं नाही. दर रविवारी फोन करते. तब्येत, पाऊस, म्हैस, एवढंच. तीन मिनिटं.

काकीने हळहळ व्यक्त केली नाही. बशीत राहिलेला वडा माझ्या हातात दिला.

"खा. आज सांजेक तिका बोलावतंय मी. पण मारूचा नाय. गणपतीचे दिस आसत म्हणान सांगणंय नाय. तू तिका मारलंस तर तुका पुढे झोप लागूची नाय, म्हणान सांगतंय."

पुढे काय करायचं याचा काहीही विचार न करता मी हो म्हणाले.

तिन्हीसांजेला काकी टाक्याच्या मागे फतकल मारून बसली. हातात वड्याचा तुकडा होता, शेजारी उघडा पिंजरा, त्यावर तिची जुनी साडी. मी आणि दादा दीपस्तंभाच्या पायरीवर बसून पाहत होतो. काकी रोजच्यासारखी बोलत होती, आज भाताची पेज कशी झाली, नवरा कसा ऐकत नाही, गावात आता आरती चालली असेल. दहा मिनिटांनी दगडामागून एक तपकिरी नाक बाहेर आलं. मग मिशा, मग एक गोल, जड शरीर. ती काकीच्या हातापर्यंत चालत आली. काकीने तुकडा पिंजऱ्यात ठेवला, ती त्याच्यामागे आत गेली आणि दार लागलं. इतकं सोपं. काकीने पदराने डोळे पुसले आणि पिंजऱ्याला म्हणाली, "माफ कर गो."

दिव्याखाली मी तिच्या शेपटीतून रक्ताचा एक थेंब घेतला. गाभण होती. आईच्या रक्तात पोटातल्या पिल्लांच्याही डीएनएचे अंश येतात, ते वाचकाने वाचले. सात पिल्लं. सातही नर, कात्रीसकट. तक्त्यात हे लिहिताना माझ्या लक्षात आलं की मी आत्ता गर्भलिंगतपासणी केली आहे. मी हात धुवायला गेले आणि टाकीतलं पाणी संपत आलं म्हणून दादांनी हाक मारेपर्यंत धूत राहिले.

सरांना फोन केला.

"उत्तम काम," ते म्हणाले. "नष्ट कर आणि नमुना पुढच्या होडीने पाठव. ड्रोन रद्द करतो."

"सर, मला तिला मारायचं नाही."

"किनाऱ्यावर आणता येणार नाही, ऋतुजा. तिच्या पोटात कात्रीवाले नर आहेत. पिंजऱ्यातून एक जरी निसटला तरी सगळ्या देशाच्या उंदरांचा प्रश्न होईल. आज उंदीर, मग त्यांच्यावर जगणारी घुबडं, साप... तुला मी काय सांगू?"

"आणत नाही. इथेच ठेवते, दुहेरी जाळीच्या पिंजऱ्यात. ती आणि पिल्लं, वेगवेगळी. आपल्या मरणाने मरेपर्यंत."

"अडीच वर्षं जगतील. तेवढा काळ प्रशिक्षित माणूस बारा महिने बेटावर लागेल. चार महिने होडी नसते. कोण राहणार?"

"मी."

"जानेवारीत अंदमानचं काम सुरू होतंय. सात बेटं. तुझ्या नावाने मंजूर झालंय ते. वीस वर्षं वाट पाहिलीस तू त्याची." मग त्यांनी, मला वाटतं खरोखरच कळत नव्हतं म्हणून, विचारलं, "एका उंदरिणीसाठी?"

मी इतकंच म्हणाले, "आपण पाच वर्षं सांगतोय ना सर, कोणाला मारत नाही म्हणून. मग ते खरं असू दे."

"लेखी दे," ते म्हणाले. फोन ठेवताना पुटपुटले, "पिंजऱ्याचं कुलूप दुहेरी लाव." मी तोच त्यांचा होकार धरला. अंदमान माझ्या हाताखालच्या मुलाला मिळालं. मला वाईट वाटलं नाही असं सांगितलं तर ते खोटं होईल. दोन दिवस मी एकटीच पिंजऱ्याची दुसरी जाळी बसवत राहिले, आणि काकी माझं ताट तिथेच आणून ठेवत होती.

आश्विनात पिल्लं उडाली. एक्केचाळीस. दोन वादळात गेली. पहिलं पिल्लू खडकावरून झेपावलं तेव्हा दादांनी डोक्यावरची टोपी काढून हातात धरली होती. पिंजऱ्यात उंदरिणीला सात मुलगे झाले. वेगळं करायच्या वयाचे होईपर्यंत ते आईजवळच होते. काकी रोज त्यांच्यापुढे भात ठेवताना त्यांना बजावायची की आवशीच्या अंगावर जाऊ नका.

त्या रविवारी मी नेहमीच्या वेळी फोन केला.

"आई, दिवाळीला येत नाही. पुढच्या दिवाळीलापण नाही बहुतेक."

"का गं? काय झालं?"

मी सांगितलं. मला वाटलं होतं ती हसेल.

"उंदरासाठी ऱ्हानार तू तिथं?"

"मादी आहे, आई. ती जन्मायलाच नको होती, चुकून जन्मली. मारा म्हणत होते."

मग माझ्याच तोंडून, बत्तीस वर्षांनी, तो प्रश्न बाहेर पडला.

"आई, माझं नाव नकुसा कोणी ठेवलं?"

"तुज्या आजीनं." तिने खाकरून घसा साफ केला. "तुज्या येळेला मला तपासायला न्यायचं ठरलं व्हतं. पाचवा लागला व्हता. तुजा बा आन् थोरलं दीर, दोगंबी संगट. एस्टीत बसवली मला. फाट्याला गाडी थांबली. मी बाहेर जाऊन येते म्हनून उतरले, आन् उसात शिरले ती तशीच मावशीच्या गावाला गेले. बाळतपन हुईस्तवर परत आले न्हाय. तू दोन म्हैन्याची झालीस, मग घिऊन आले. तुजी आजी दारात उभी. म्हनली, हिचं नाव नकुसा ठेवायचं आसंल तर आत ये."

"आणि तू?"

"म्हनलं, ठेवा. नावानं काय पोरगी मरत न्हाय."

मी दीपस्तंभाच्या पायरीवर बसले होते. समोर काकी सुकट वाळत घालत होती. माझ्याकडे पाहून ती पाटी घेऊन मुकाट्याने आत गेली.

"मला कधी सांगितलं का नाहीस?"

"तू कधी इचारलंस?"

खरंच, मी कधी विचारलं होतं? तीन मिनिटं झाली होती, मग दहा झाली. आई मावशीच्या गावाचं सांगत होती, मी कशी रडायचे ते, मावशीच्या शेळीचं दूध कसं मानवलं ते. मी डोळे पुसत ऐकत होते आणि माझ्या डोळ्यांसमोर उसातून जाणारी, माझ्याहून बारा वर्षांनी लहान असलेली एक बाई दिसत होती.

"किती चाललीस गं तेव्हा?"

"आता काय मोजलंय व्हय? सकाळधरनं दिस मावळंस्तवर चालले."

"एकटी? भीती नाही वाटली?"

"एकटी कुठं व्हते?" आई म्हणाली. "तू व्हतीस की."